तळ्याकाठच्या शेतावर ऐन उन्हाळा: पाण्याच्या घड्याळाने दिवस कसा लावावा

ऐन उन्हाळ्यात तळ्याकाठच्या शेतावर राहायला आलेली बरीच मंडळी घरचं वेळापत्रक सोबत घेऊन येतात. आठला उठायचं, आरामात आवरायचं, अकराच्या सुमारास पाण्यावर जायचं, भर उन्हात दोन तास डुंबायचं आणि संध्याकाळी डोकं धरून पडायचं. मग दुसऱ्याच दिवशी ‘ऊन सोसवत नाही’ म्हणून सामान बांधायला लागतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तळ्याकाठचा उन्हाळा हा वर्षातला सगळ्यात भरलेला काळ असतो. तो फक्त वेगळ्या वेळांना भेटतो.

कारण साधं आहे. पाणी तापायला खूप उष्णता लागते आणि निवायला खूप वेळ लागतो. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत साधारण पाच किलो कोरडी माती तापते. शिवाय ऊन पाण्यात खोल शिरतं, मातीत मात्र वरच्या थरातच राहतं. म्हणून दुपारी बांधावर अनवाणी पाय टेकवत नाही तेव्हा तळं गार असतं, आणि पहाटे माती गार पडलेली असते तेव्हा पाण्याला हात लावला तर ते कोमट लागतं. तळं जमिनीच्या मागून चालतं. वारा कुठून येणार, मासे कधी वर येणार, पोहायला कधी उतरायचं, रात्री अंथरूण कुठे टाकायचं, हे सगळं या मागे राहण्यावरून ठरवता येतं. पुढचं सगळं मी त्याच क्रमाने सांगतो.

पोहोचलात की आधी काठ फिरा

शेतावर दुपारी पोहोचू नका, ऊन कलल्यावर पोहोचा. सामान उतरवलं की पहिलं काम म्हणजे हातात लांब काठी घेऊन काठाने फेरी मारणं. पायात बंद बूट हवेत, कारण उन्हाळ्यात साप-विंचूही गारव्याला पाण्याच्या आसपास येतात. शेतावर कायम राहणारं माणूस असेल तर त्याला सोबत घ्या. खड्डा कुठे आहे, गाळ कुठे आहे, ओढा कुठून येऊन मिळतो हे त्याला जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्या नकाशात सापडत नाही.

पोहायची जागा निवडताना काठी पाण्यात टेकवत पुढे जा. तळ कडक लागला पाहिजे आणि उतार हळूहळू हवा. काठी गाळात रुतत असेल तर ती जागा सोडा, मग वर पाणी कितीही नितळ दिसो. नितळ पाणी आणखी एका बाबतीत फसवतं. प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो, त्यामुळे वरून पाहिलं तर तळ खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खोल वाटतो. तीन फूट वाटणारं पाणी प्रत्यक्षात चार फूट असतं, आणि लहान मुलाच्या बाबतीत तो एक फूट म्हणजे सगळं काही असतं.

तीन ठिकाणं सरळ वगळा: पाणी उपसणाऱ्या पंपाच्या नळाचा परिसर, सांडव्याची किंवा दाराची जागा, आणि झाडाच्या फांद्या जिथे पाण्यात बुडाल्या आहेत ती. शेतात प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं असेल तर त्यात पोहायला उतरायचा विचारही नको. ओल्या कागदावर शेवाळ धरतं, उतार तिरका असतो, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येताना पाय रोवायला काही मिळत नाही. अशा तळ्याला चारही बाजूंनी कुंपण असावं आणि काठावरून आतपर्यंत गाठी मारलेले जाड दोर कायम सोडलेले असावेत. माझ्या मते हे काम बाकी सगळ्या तयारीच्या आधी करावं.

पाणी उतरण्याजोगं आहे का

१८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने समुद्राची नितळता मोजायला जहाजावरून पांढऱ्या तबकड्या पाण्यात सोडल्या. आजही तळी अभ्यासणारे लोक तीच युक्ती वापरतात. साधारण २० सेंटिमीटर व्यासाची पांढरी थाळी घ्या, खाली दगड बांधा, दोरीवर दर अर्ध्या फुटावर खूण करा आणि सावलीच्या बाजूने हळूहळू पाण्यात सोडा. थाळी दिसेनाशी होते ती खोली वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्याने फारसं काही कळत नाही. पण रोज मोजलंत आणि आकडा भराभर कमी व्हायला लागला, तर पाण्यात शैवाल वाढतंय किंवा गाळ येतोय. मुलांना हे काम द्या, ती जीव ओतून करतात.

उन्हाळ्यात खरी भीती असते ती निळ्या-हिरव्या शैवालाची. नाव शैवाल असलं तरी हे जिवाणू असतात. पाणी तापलेलं, वारा पडलेला आणि शेतातलं खत वाहून तळ्यात आलेलं, असा मेळ जमला की ते झपाट्याने वाढतात. त्यांच्या काही जाती विष तयार करतात आणि ते विष पाणी उकळूनही जात नाही. ओळखायची पद्धत अशी: जिथे हिरवा थर दिसतो तिथे काठी बुडवून वर काढा. काठीला केसांसारख्या हिरव्या धाग्यांचा गुंता लटकला तर ते साधं शैवाल, किळसवाणं वाटलं तरी सहसा निरुपद्रवी. पण काठी रंगाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखी माखून आली, तर त्या दिवशी कोणीही पाण्यात उतरायचं नाही. कुत्र्याला आधी बांधा, कारण तो ते पाणी पितो आणि अंगावरचं चाटून आणखी पोटात घालतो. ही घरगुती पारख आहे, पक्कं निदान प्रयोगशाळेतच होतं. शंका असेल तर उतरू नका.

जोराचा पाऊस पडून गेला की दोन दिवस पोहणं बंद ठेवा. गोठ्यातलं आणि शेतातलं सगळं त्या पाण्याबरोबर तळ्यात आलेलं असतं. अंगावर उघडी जखम असेल तेव्हाही उतरू नका, जनावरांच्या मुतातून पाण्यात येणारे रोगजंतू अशा जखमेतून शरीरात शिरतात. आणि पाणी खूप तापलेलं, उथळ, साचलेलं असेल तर नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात मेंदूला इजा करणारा एक अमीबा असू शकतो आणि तो नाकावाटेच आत जातो. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेक वेळा प्राणावर बेततं. नाकाला चिमटा लावला आणि तळाचा गाळ ढवळला नाही की धोका बराच कमी होतो. बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने अंग धुऊन टॉवेलने खसाखसा पुसा. गोगलगायींतून येणारी बारीक कृमी कातडीत शिरून खाज उठवते, ती या पुसण्याने बरीचशी टळते.

बुडणं कसं दिसतं

हे नीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यात लहान मुलं फार होती.

बुडणारं माणूस हात हलवून हाका मारेल अशी आपली समजूत असते. बहुधा तसं होत नाही. तोंड क्षणभर पाण्याबाहेर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, ओरडायला उसंतच नसते. हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभं असतं, पाय चालत नाहीत, डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या रेषेशी. आवाज नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, पोरगं खेळतंय. आणि हे सगळं बऱ्याचदा एका मिनिटाच्या आत संपतं. आत्तापर्यंत गलका करणारं मूल एकाएकी गप्प झालं, तर त्या गप्प होण्याकडेच धाव घ्या.

म्हणून पाण्यावर जाताना एका मोठ्या माणसावर नुसतं बघायचं काम सोपवा, त्याचं नाव घेऊन. ‘आपण सगळे आहोतच’ असं म्हटलं की कोणाचंच लक्ष नसतं. त्याच्या हातात फोन नको, पुस्तक नको, गप्पाही नकोत. वीस मिनिटांनी पाळी बदला. काठावर पंधरा-वीस मीटर दोर आणि त्याच्या टोकाला घट्ट झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधून ठेवा. कोणी अडचणीत आलं तर आधी काठी पुढे करा, ती पुरत नसेल तर कॅन फेका. मागोमाग उडी मारू नका. घाबरलेलं माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतं आणि एकाऐवजी दोघं जातात.

बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं धरून फिरवू नका. त्यात फक्त वेळ जातो. अशा माणसाला आधी तोंडाने श्वास द्यावा लागतो, मग छाती दाबणं आणि श्वास आलटून पालटून. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. हे हातांना आधीपासून येत असलं पाहिजे. सहलीच्या आधी एखाद्या प्रशिक्षणाला एक दिवस द्या.

होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, पट्टीचा पोहणारा असला तरी. जॅकेट घालून पट्टे आवळा आणि खांद्याशी धरून वर ओढा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं होतंय. हवा भरलेल्या ट्यूबा ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर खोल पाण्यात जायचं नाही.

पहाट चुकवू नका

सूर्य उगवायच्या आधी तासभर काठावर येऊन बसा. माझ्या लेखी सबंध दिवसातला सगळ्यात मोलाचा तास हाच.

पाण्यावर धुकं तरंगत असेल. कोमट पाण्यातून निघालेली वाफ वरच्या गार हवेत थिजते आणि हातभर उंचीचा पांढरा थर तयार होतो. वारा बहुतेक पडलेला असतो, म्हणून पाण्यावरची प्रत्येक हालचाल वाचता येते. लहान लहान वर्तुळं दिसली तर मासे पृष्ठभागावरचे किडे टिपतायत. पण मासे तोंड वर काढून सारखे हवा घेताना दिसले तर ते चांगलं लक्षण नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, वीस अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तर तीस अंशाला साडेसातच्या. त्यात रात्रभर पाणवनस्पतीही तो वापरत असतात, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. अशा दिवशी शेतमालकाला सांगा. पंप असेल तर पाणी कारंज्यासारखं उडवून परत तळ्यात सोडता येतं, तेवढ्याने मासे तगतात.

लव्हाळ्याच्या काड्यांवर नजर ठेवा. पाण्याच्या वर वितभर उंचीवर एखादा मातकट, सहा पायांचा किडा काडीला घट्ट धरून बसलेला दिसेल. हलत नसेल तर त्याच्यासमोर बसूनच राहा. पाठीवर एक चीर पडते, त्यातून आधी छाती बाहेर येते, मग डोकं, आणि मग तो अर्धा बाहेर आलेला जीव मागे लटकून बराच वेळ थांबतो. पाय कडक झाले की एक झटका देऊन वर वळतो, काडी धरतो आणि शेपटाकडचा भाग ओढून काढतो. पंख सुरुवातीला चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे असतात, बघता बघता ते लांब होतात आणि काचेसारखे चमकायला लागतात. हा चतुर. इतके दिवस तो पाण्याखाली डासांच्या अळ्या खात होता, आता हवेत डास खाईल. सगळं व्हायला तास-दीड तास लागतो. रिकामं कवच काडीवरच राहतं, ते मुलांना घरी न्यायला द्या.

शेतातली कामंही याच वेळेत उरका. झाडांना पाणी घालायचं ते उजाडताना, म्हणजे उन्हाच्या आधी ते मुळांपर्यंत उतरतं. स्वयंपाकाचा मोठा भागही आत्ताच करून घ्या.

पोहायची वेळ

सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर. घड्याळ बघायचीही गरज नाही, स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर उतरा. ती उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कातडीला जाळणारं झालं. पाण्यात गार वाटतं म्हणून ऊन लागत नाही असं समजू नका, अतिनील किरणं पाण्याखाली अर्ध्या मीटरपर्यंतही बऱ्यापैकी पोहोचतात. पातळ, लांब बाह्यांचा सदरा घालून पोहणं सगळ्यात सोपं.

छातीभर पाण्यात उभे राहिलात की खांद्यांना कोमट आणि घोट्यांना गार लागेल. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं, गार पाणी जड म्हणून खाली बसतं. खोल तळ्यात या दोन थरांमधली सीमा अगदी ठळक असते, सूर मारून खाली गेलं की एका हाताच्या अंतरात हिवाळा सुरू होतो. तो गारठा एकाएकी लागला की छाती आकसते, आपोआप धाप लागते आणि नेमकं तेव्हाच तोंडात पाणी जातं. म्हणून पायांनी चालत उतरा, तोंडावर, मानेवर पाणी मारा, दोन मिनिटं थांबा आणि मग पोहा. अनोळखी पाण्यात डोकं पुढे करून उडी कधीच नाही. मान मोडते, आणि ती परत जुळत नाही.

दुपार सावलीची

अकरा ते चार काही करायचं नाही असं ठरवूनच टाका. घराची खिडक्या-दारं रात्रभर उघडी आणि सकाळी ऊन चढायच्या आत बंद, पडदे ओढलेले. रात्री भिंतींनी जो गारवा साठवलेला असतो तो दुपारपर्यंत पुरवायचा असतो. बाहेर बसायचं तर पत्र्यापेक्षा झाड कधीही बरं, पत्रा तापून खाली उष्णता टाकतो, झाड पानांतून पाणी सोडत राहतं. ओला पडदा, बाटलीभोवती ओलं फडकं हे उपाय कोरड्या हवेत उत्तम चालतात. हवा दमट असेल तर ओलावा उडतच नाही, तेव्हा अंगावर पाणी आणि पंखा.

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, आणि पारा ३२च्या वर असेल तर एकच तास. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. फार घाम गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. अंदाजाने मीठ वाढवू नका.

जनावरांना आपल्याआधी बघा. दुभती गाय कडक उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी पिऊ शकते. त्यांचा हौद सावलीत आणि तळ्यापासून लांब असावा. जनावरं थेट तळ्यात उतरली की काठ खचतो, शेण पाण्यात जातं आणि वर सांगितलेल्या शैवालाला तेच खाद्य होतं.

कोणाला चक्कर, मळमळ, खूप घाम असं झालं तर सावलीत आडवं करून पाय वर घ्या, घोट घोट पाणी द्या. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल गेला, अंग भाजत असेल तर तो उष्माघात समजा. शरीराचं तापमान अशा वेळी चाळीसच्या वर गेलेलं असतं. रुग्णवाहिका बोलवा आणि तोवर बादल्यांनी तळ्याचं पाणी आणून अंगावर ओतत राहा, वारा घाला. शुद्ध हरपत चाललेल्याला पाणी पाजू नका. आणि त्याला तळ्यात नेऊ नका, पाणीच त्याच्याकडे आणा.

वारा आणि वीज

दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तळ्यावरची गार हवा काठाकडे यायला लागते. मोठ्या तळ्यावर हा वारा चांगला जाणवतो. वारा कुठूनही असो, होडी काढायची तर जाताना वाऱ्याला तोंड द्या, म्हणजे दमल्यावर तोच वारा तुम्हाला परत आणतो. उलट केलंत तर निघताना मौज वाटते आणि परतताना हात गळून जातात.

उन्हाळ्यातलं वादळ बहुधा दुपारनंतर उठतं. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते, आभाळ डोक्यावर निरभ्र असलं तरी. ताबडतोब पाण्याबाहेर, पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत. एकट्या झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत परत जायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

दिवेलागणीनंतर

कडूसं पडताना डास निघतात. लांब बाह्या, पायजमा, आणि बसायच्या जागी पंखा. डास वाऱ्यात नीट उडू शकत नाहीत, त्यामुळे पंख्याचा उपयोग धुरापेक्षा जास्त होतो. बादल्या, टायर, फुटकी भांडी यांतलं पाणी दर आठवड्याला ओतून टाका. डासाला अंड्यातून उडेपर्यंत उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात. खुद्द तळ्यात मासे आणि चतुराच्या अळ्या असतात, बादलीत कोणी नसतं. शेकोटी पेटवायचीच असेल तर वाळलेल्या गवतापासून लांब, शेजारी भरलेल्या दोन बादल्या ठेवून.

रात्री पोहायचं नाही. काठापासून दहा पावलं मागे सतरंजी टाका आणि सगळे दिवे, फोनसकट, बंद करा. डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा प्रकाश ती मेहनत घालवतो, म्हणून बॅटरीवर लाल कागद लावा. उत्तर गोलार्धात असाल तर उन्हाळ्याच्या रात्री दक्षिणेकडे वृश्चिकाची नांगी आणि तांबूस ज्येष्ठा दिसेल, तिच्या डावीकडे आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग. वारा अगदी पडला तर तोच पट्टा पाण्यातही उतरतो.

झोपायचं ते शिवाराकडे उघडणाऱ्या खिडकीशी, तळ्याकडच्या नाही. रात्री सगळं फिरतं: माती निवते, पाणी कोमट राहतं, आणि वारा जमिनीकडून तळ्याकडे वाहायला लागतो. मध्यरात्रीनंतर कधीतरी जाग येईल तेव्हा दिवसभर पाण्याच्या वासाने आलेली झुळूक आता मातीच्या, गवताच्या वासाने येत असेल. पायाशी एक पातळ चादर ठेवा, पहाटे लागेल.